हेल्मेट कुठे वळतंय? अमेरिकन फुटबॉलच्या फळीतला अर्ध्या सेकंदाचा अभ्यास

(भाग ऐकायला वेळ नसेल तर हे घ्या त्याचं लेखी रूप. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे' कमी केलेत, बाकी गप्पा त्याच.)

आजचा विषय अमेरिकन फुटबॉल. थांबा, लगेच स्किप करू नका. नियम माहीत नसले तरी चालेल, लागतील तेवढे मी सांगतो. आणि आज आपण त्या खेळाडूबद्दल बोलणार आहोत ज्याच्याकडे कॅमेरा सहसा बघतच नाही: बचावाच्या पहिल्या फळीतला गडी, डिफेन्सिव्ह लाइनमन.

सगळ्यांना वाटतं याचं काम सोपं आहे. चेंडू हलला की समोरच्याला धडकायचं, ढकलायचं, घुसायचं. अंगात ताकद असली की झालं. प्रत्यक्षात हा माणूस दर खेळीला एक प्रश्न सोडवत असतो: समोरचा मला नेमका कुठे न्यायला बघतोय? उत्तर द्यायला त्याच्याकडे अर्धा सेकंदसुद्धा नसतो. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे कमी वेळात योग्य निर्णय कसा घ्यायचा हा प्रश्न मला भारीच आवडतो. आणि हे कौशल्य जन्मजात नसतं, शिकवता येतं. कसं शिकवतात, तेच आज बघू.

आधी मैदान समजून घेऊ

दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. चेंडूच्या रेषेवर आक्रमणाचे पाच धिप्पाड गडी ओळीत बसतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. एनएफएलमध्ये हे लोक साधारण १४० किलोचे. समोर बचावाचे तीन किंवा चार गडी. दोघांच्या मधली मोकळी जागा म्हणजे फक्त चेंडूच्या लांबीएवढी, साधारण २८ सेंटिमीटर. आपल्या शाळेतल्या फूटपट्टीपेक्षाही कमी.

सेंटरने चेंडू मागे दिला, म्हणजे स्नॅप झाला, की त्या पाचांचं काम सुरू: अंगाने अडवून समोरच्याला वाटेतून बाजूला काढणं. यालाच ब्लॉक म्हणतात. पकडून ठेवलं तर १० यार्डांचा दंड, म्हणून ते पकडत नाहीत, कोन साधतात. आणि नेमका कोन ओळखणं हेच बचावाच्या गड्याचं शिक्षण.

थांबलास तर गेलास, धावलास तर फसलास

इथे एक खरी अडचण आहे. समजा गडी म्हणाला, 'आधी बघतो काय होतंय, मग हलतो.' तोवर १४० किलोचं धूड त्याच्या छातीवर आलेलं असतं. आता समजा तो म्हणाला, 'बघायचं-बिघायचं नाही, सरळ घुसतो.' तर त्याच्यासाठी ट्रॅप नावाची युक्ती तयार असते.

ट्रॅपमध्ये समोरचा गार्ड तुम्हाला अडवतच नाही. तो बाजूने निघून जातो आणि वाट मोकळी सोडतो. तुम्ही खूश! दोन पावलं आत घुसता, आणि पलीकडच्या बाजूचा गार्ड आडवा धावत येऊन तुमच्या बरगडीवर आदळतो. तुम्ही जिथून उठून गेलात, नेमक्या त्याच भगदाडातून चेंडूवाला पळून जातो. मोकळी वाट हेच आमिष होतं.

मग करायचं काय? माणसाला नुसता दिवा लागलेला दिसला की बटण दाबायलासुद्धा साधारण पाव सेकंद लागतो. १९५२ मध्ये विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने दिवे आणि बटणं घेऊन प्रयोग केले. जितके जास्त दिवे, म्हणजे जितके पर्याय जास्त, तितका प्रतिसाद उशिरा. पर्याय दुप्पट झाले की दरवेळी साधारण तेवढाच वेळ वाढत जातो. याला हिकचा नियम म्हणतात. मोबाइल ॲपचे मेनू बनवणाऱ्यांनाही तो शिकवतात.

फुटबॉलच्या कोचला यातून एकच वाट दिसते: गड्याचा मेंदू काही वेगवान करता येत नाही, पण त्याच्यासमोरचे पर्याय कमी करता येतात. आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

पहिली छाटणी: कुठे बसायचं

पर्याय कमी करण्याची सुरुवात स्नॅपच्या आधीच होते. बचावाचा गडी वाटेल तिथे बसत नाही. प्रत्येक जागेला आकडा आहे. सेंटरच्या बरोबर समोर बसला तर शून्य. गार्डच्या बरोबर समोर दोन, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तीन. टॅकलच्या समोर चार, त्याच्या बाहेरच्या खांद्यावर पाच. ही पद्धत बसवण्याचं श्रेय टेक्सासमधले कोच बम फिलिप्स यांना दिलं जातं. गड्यांच्या मधल्या फटींनाही अक्षरं आहेत: सेंटर आणि गार्डमधली ए, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकलच्या बाहेरची सी.

आज आपण 'तीन नंबर'च्या जागेवर बसू. गार्डचा बाहेरचा खांदा आपल्या समोर, आणि बी फट ही आपली जबाबदारी. एवढ्यानेच बघा काय झालं: मैदानावर २२ माणसं आहेत, पण आपल्याला सगळ्यात आधी फक्त एकाकडे बघायचंय. समोरच्या गार्डकडे. त्यातही त्याच्या हेल्मेटकडे. हात फसवतात, पाय उशिरा दिसतात. पण १४० किलोच्या माणसाला जिकडे जायचंय, तिकडे त्याचं डोकं आधी जातंच.

हेल्मेटची बाराखडी

आता ही बाराखडी. सहाच अक्षरं आहेत, घाबरू नका.

एक. हेल्मेट सरळ आपल्याकडे आलं. हा साधा ब्लॉक. त्याला आपल्याला मागे रेटायचंय. दोन्ही हात त्याच्या छातीवर, अंगठे वर, कोपरं आत. हात ताणून त्याला अंगापासून लांब ठेवायचं. बी फट सोडायची नाही. चेंडू कुठे चाललाय ते दिसलं की त्याला झटकून तिकडे.

दोन. हेल्मेट आपल्या बाहेरच्या बाजूला सरकलं. गार्ड आपल्याला वळसा घालून आत कोंडायला बघतोय. म्हणजे चेंडू बाहेरच्या बाजूने जाणार. आपणही त्याच्याबरोबर बाहेर सरकायचं. आपला बाहेरचा हात आणि खांदा मोकळा राहिलाच पाहिजे. त्याचं हेल्मेट आपल्या खांद्यापलीकडे गेलं की ही लढाई संपली.

तीन. हेल्मेट आतल्या बाजूला, सेंटरकडे गेलं. हीच ती मोकळी वाट! इथे आत घुसायचं नाही. जाणाऱ्या गार्डला हाताने दाबायचं आणि त्याच्यामागोमाग आत सरकून दार बंद करायचं. इंग्रजीतल्या एका कोचिंग घोषवाक्याचा अर्थ असा: तो खाली उतरला, तूही खाली उतर. बाहेरून टॅकलचा दाब आला तर त्या दाबाला भिडायचं. दाब आलाच नाही, तर समजायचं की ट्रॅप येतोय. खाली वाकून येणाऱ्याला अंगावर घ्यायचं, म्हणजे भगदाड उरतच नाही.

चार. गार्ड मागे फिरून पलीकडे धावत सुटला. याला पुल म्हणतात. तो वाटाड्या आहे. चेंडू बहुधा त्याच्या मागेच जाणार. पाठलाग करायचा, पण सेंटर आपल्याला आडवा यायला निघालेला असतो, त्याच्या पुढून निसटायचं.

पाच. हेल्मेट वर उठलं आणि मागे सरकलं. हा पास आहे. गार्डला आता ढकलायचं नाहीये, भिंत व्हायचंय. आपणही ताबडतोब गिअर बदलायचा आणि क्वार्टरबॅककडे धाव घ्यायची.

सहा. हेल्मेट सरळ आलं, पण त्याच वेळी बाहेरून टॅकलही कमरेवर येऊन आदळला. दोघांचा एकत्र ब्लॉक. इथे हिरो व्हायचं नाही. टॅकलच्या बाजूची कंबर खाली टाकायची, जमेल तेवढं बुटकं व्हायचं आणि एक इंचही मागे हटायचं नाही. दोघांना अडकवून ठेवलं तर मागचा आपला लाइनबॅकर मोकळा राहतो. स्कोअरकार्डवर आपलं नाव येणार नाही, पण काम आपणच केलेलं असेल.

नीट बघितलं तर हे सहा ओळींचं इफ-एल्स आहे. मैदानावर मात्र गड्याने ते मनात वाचत बसायचं नसतं. ते पायात उतरलेलं असावं लागतं.

डोळ्यांनंतर हात

मघाची अडचण आठवते? थांबला तर मेला, घुसला तर फसला. त्यावरचं उत्तर असं, की पहिलं पाऊल विचार न करता टाकायचं, आणि ते पाऊल हवेत असतानाच वाचायचं.

पहिलं पाऊल छोटं असतं, साधारण वीतभर. ते फक्त चेंडू हलल्यावर टाकायचं, आवाजावर नाही. क्वार्टरबॅक मुद्दाम आवाज चढवून फसवत असतो. त्याला भुलून आधी उडी मारली तर पाच यार्डांचा दंड. पाऊल छोटं का? कारण लांब पाऊल टाकलं की अंगाचा तोल एका बाजूला गेला, मग गार्ड कुठेही वळो, आपल्याला वळता येत नाही.

दुसरं पाऊल टेकेपर्यंत हात गार्डच्या छातीवर पोचलेले असतात. इथून पुढे डोळ्यांपेक्षा हात जास्त सांगतात. स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद नजरेपेक्षा जरा लवकर येतो, आणि हातांना कळतं की समोरचा कुठल्या बाजूला जोर देतोय. म्हणून कोच दोन वेगळ्या खुणा शिकवतात: दिसणारी खूण आणि जाणवणारी खूण. हेल्मेटने पहिला अंदाज द्यायचा, हातांनी तो पक्का करायचा. हात तिथे असले की डोळे मोकळे होतात, चेंडू शोधायला.

आणि हे सगळं करायचं खालून. कुस्ती बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: जो खाली, त्याचा जोर. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ३१ डिसेंबर १९६७ चं. ग्रीन बे शहरात उणे २५ अंश सेल्सिअस थंडी, मैदान गोठलेलं. एनएफएलच्या अंतिम सामन्यात डॅलस काउबॉइज १७–१४ ने पुढे. शेवटची १६ सेकंदं उरली होती आणि ग्रीन बे पॅकर्सना गोलरेषा गाठायला यार्डभरही अंतर नव्हतं. पॅकर्सचा गार्ड जेरी क्रेमर याने फिल्म बघताना एक गोष्ट हेरून ठेवली होती: डॅलसचा उंच गडी जेथ्रो प्यू अशा वेळी उभा उठतो. क्रेमर आणि सेंटर केन बोमन दोघे खालून त्याच्यावर गेले, आणि त्या फटीतून क्वार्टरबॅक बार्ट स्टार पलीकडे पडला. पॅकर्स २१–१७ ने जिंकले. त्या बर्फावर पाय रोवणं कुणालाच सोपं नव्हतं, हेही खरं. पण धडा उरलाच: तुम्ही ब्लॉक वाचता, तसा ब्लॉक करणाराही तुम्हाला वाचत असतो.

मग सराव कसा घेतात?

या सरावाला फार काही लागत नाही. तीन माणसं आणि एक चेंडू एवढं पुरतं.

गडी पवित्र्यात बसतो. समोर त्याचाच सहकारी गार्ड बनून बसतो. कोच उभा राहतो गड्याच्या पाठीमागे आणि बोटांनी फक्त गार्डला खूण करतो: एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे बाहेर, तीन म्हणजे आत. गड्याला खूण दिसत नाही. स्नॅपसाठी बरेच कोच काठीच्या टोकाला चेंडू बांधून तो हलवतात, म्हणजे नजरेला चेंडूवर निघायची सवय लागते.

सुरुवात चालत-चालत. धडक नाही, नुसतं पहिलं पाऊल आणि हात. मग अर्ध्या वेगाने. मग शेजारी टॅकल आणि सेंटर आणून बसवायचे, म्हणजे दोघांचा ब्लॉक आणि ट्रॅप आले. पूर्ण वेग सगळ्यात शेवटी. प्रत्येक वेळी कोच तीनच गोष्टी तपासतो: पाऊल बरोबर पडलं का, हात आधी पोचले का, आणि डोकं वर, नजर समोर होती का. टॅकल केला की नाही, हे इथे बघतच नाहीत.

आता यातली गंमत. एकच ब्लॉक सलग वीस वेळा दिला, तर सरावात गडी झकास दिसतो. विसाव्या वेळी तो वाचत नसतो, उत्तर आधीच माहीत असतं! १९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या हालचालींवर प्रयोग केला. छोटे लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने पाडायचे, एवढंच काम. एका गटाने एकेक क्रम सलग गिरवला, दुसऱ्याने सगळे क्रम मिसळून. सरावात पहिला गट पुढे होता. पण नंतर परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकलेला गट सरस ठरला. परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच प्रकारची गणितं सोडवून खूश होणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे माहीत आहे, नाही का?

म्हणून चांगला कोच पहिले काही दिवस एकेक ब्लॉक ओळखीचा करून देतो आणि मग पत्ते पिसावेत तसे ते पिसतो. सराव थोडा गबाळा दिसतो. दिसू द्यायचा.

यात खरं पणाला काय लागलंय?

सामना जिंकणं-हरणं सोडा. पणाला लागलेली खरी गोष्ट आहे डोकं.

फळीतल्या गड्यांची जवळजवळ दर खेळीला टक्कर होते. बेशुद्ध पाडणारी नाही, छोटी. पण छोट्या धडका साठत जातात. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दिवंगत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यातून सीटीई या आजाराचं चित्र पुढे आलं: खेळलेली वर्षं जितकी जास्त, तितका धोका जास्त. हेल्मेटमुळे कवटी वाचते. आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

गुडघ्यांचंही तसंच. एकाने वर धरायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी मांड्यांवर किंवा त्याखाली झेपावायचं, याला चॉप ब्लॉक म्हणतात. एनएफएलने २०१६ मध्ये तो पूर्ण बंद केला. त्याआधी २०११ च्या करारात, संपूर्ण नियमित हंगामात अंगावर पॅड चढवून करायचे सराव १४ वर आणले गेले.

आता याचा सरावाशी संबंध बघा. जो गडी वाचत नाही, तो डोकं खाली घालून आदळतो, कारण त्याला दुसरं काही सुचतच नाही. जो वाचतो, त्याचे हात आधी पोचतात आणि डोकं मागे राहतं. बाजूने येणारा ट्रॅप त्याला आधी कळतो, म्हणून तो बेसावध सापडत नाही. आणि वाचायला शिकवायला धडक लागतच नाही. चालत शिकवता येतं, बोटांच्या खुणांवर शिकवता येतं. शाळकरी मुलांच्या कोचसाठी तर हे सोन्यासारखं आहे: शिकणं वाढवायचं, टक्कर कमी करायची.

आणि मग एक ॲरन डोनाल्ड येतो

लॉस एंजेलिस रॅम्सचा ॲरन डोनाल्ड याच तीन नंबरच्या जागेचा बादशहा होता. उंची नोंदीत ६ फूट १ इंच, वजन १२७ किलोच्या आसपास. त्याच्या जागेच्या मानाने लहानच. तरीही तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू: २०१७, २०१८ आणि २०२०. हातांचा वेग वाढवायला त्याने खोट्या सुऱ्यांसमोर सराव केला होता. समोरून सुरी येते, ती हाताने बाजूला सारायची. विचित्र वाटतं, पण हात आधी पोचले पाहिजेत हे सूत्र तेच.

फेब्रुवारी २०२२ ची सुपर बोल. रॅम्स २३, सिनसिनाटी बेंगल्स २०. मिनिटभरापेक्षा कमी वेळ, बेंगल्सना एक यार्ड हवा होता. तिसऱ्या प्रयत्नात त्यांनी चेंडू हातात घेऊन धाव घेतली. डोनाल्डने धावणाऱ्याला पकडून जागीच थांबवलं. चौथ्या प्रयत्नात पास. डोनाल्ड गार्डला मागे टाकून क्वार्टरबॅक जो बरोपर्यंत पोचला, त्याला गरकन फिरवलं, चेंडू कसाबसा सुटला आणि जमिनीवर पडला. सामना खलास. लागोपाठ दोन खेळ्या, एक धाव आणि एक पास, आणि दोन्हींना त्याच माणसाकडे वेगवेगळं उत्तर तयार होतं.

जाता जाता

तुम्हाला माहीत असेल, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉलही येतंय. हा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला तो आपल्या मुंबईत, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. पण फ्लॅगमध्ये पाच-पाच खेळाडू, कमरेची पट्टी ओढली की खेळी संपली, आणि ब्लॉक करायला बंदी. म्हणजे आज आपण बोललो ती कला ऑलिंपिकमध्ये दिसणार नाही. ती बघायची तर अकरा जणांचा पूर्ण सामनाच बघावा लागेल.

तेव्हा एक होमवर्क देतो. पुढची सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे लागेल, नाहीतर हायलाइट्स बघा. दहा खेळ्या चेंडूकडे बघायचंच नाही. सेंटरच्या शेजारचा एक गार्ड धरा आणि फक्त त्याचं हेल्मेट बघा. आत गेलं, बाहेर गेलं, वर उठलं की सरळ आलं? मनात उत्तर द्या: धाव की पास, आणि कुठल्या बाजूला? पहिल्या तीन-चार खेळ्यांत काही कळणार नाही. सातव्या-आठव्या खेळीला कॉमेंटेटरच्या आधी तुमच्या तोंडून उत्तर निघेल.

दहापैकी किती बरोबर आली ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात, तोवर ऐकत राहा!